राईचा पर्वत



'तुला शंभरदा सांगितलं!' 'तू कधीच माझं ऐकत नाहीस.' 'तुझ्या घरच्यांचं नेहमी असंच असतं.' ही वाक्ये आपल्या घराघरांतून ऐकू येतात. सांगितलेले असते दोनदा. रागाच्या भरात त्याचे शंभर होतात. यालाच आपण राईचा पर्वत करणे म्हणतो.

मग अतिशयोक्ती हे पाप आहे काय? तसे म्हणता येणार नाही, कारण प्रभू येशूनेही ती वापरली आहे. सुईच्या नाकातून जाणारा उंट, डास गाळून उंट गिळणारे परुशी, डोळ्यातले मुसळ ही सारी त्याचीच शब्दचित्रे. मत्तयच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायातला चाकर राजाचे 10,000 तालांत देणे लागतो. एक तालांत म्हणजे सुमारे 6,000 दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. इतिहासकार योसेफस लिहितो की, हेरोद अंतिपाला गालील व पेरिया या प्रांतांतून वर्षाला 200 तालांत महसूल मिळत असे. म्हणजे हे कर्ज त्याच्या 50 वर्षांच्या महसुलाएवढे! राजा ते सगळे माफ करतो आणि तोच चाकर बाहेर पडून 100 दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो.

प्रभूच्या आणि आपल्या अतिशयोक्तीतला फरक इथेच आहे. आपले ऋण किती आणि देवाची दया किती, हे आपल्याला दिसावे म्हणून प्रभू मोठी चित्रे काढतो. आपण मात्र दुसऱ्याची चूक मोठी करतो आणि स्वतःची सांगताना 'जरासं बोललो' एवढ्यावर थांबतो. कुसळाचे मुसळ होते आणि मुसळाचे कुसळ.

'नेहमी' आणि 'कधीच नाही' हे शब्द तर्काच्या कसोटीलाही उतरत नाहीत. एक उलट उदाहरण मिळाले की ते विधान पडते. पण तोवर समोरच्याचे मन मोडलेले असते. ज्या मुलाने दहा वेळा ऐकले, त्याला 'कधीच ऐकत नाहीस' म्हटले, तर त्या दहाही वेळा आपण पुसून टाकल्या. क्षमा करायची तर चूक तिच्या खऱ्या मापाने मोजावी लागते. राईएवढ्या चुकीला क्षमा करता येते. तिचा पर्वत केला की तीच क्षमा अशक्य वाटू लागते.

मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगर हलेल, असे प्रभूने सांगितले आहे. या आठवड्यात आपणच रचलेला एखादा डोंगर हलवू या. 'नेहमी'ऐवजी 'आज' म्हणू या, 'शंभरदा'ऐवजी 'दोनदा' म्हणू या. मग पुढच्या रविवारी पवित्र मिस्सामध्ये शांतीसाठी पुढे केलेला हात आपल्याला जड वाटणार नाही.