प्रेमाला शिक्का कशाला?



व्हिसासाठी वकिलातीच्या दारात उभे राहणे म्हणजे काय, हे आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांना ठाऊक आहे. कुणाचा मुलगा आखातात, कुणाची लेक कॅनडात. फॉर्म, फोटो, शिक्के, झेरॉक्स, आणि एवढे करूनही ‘अजून एक कागद आणा’ हे ठरलेले वाक्य. पण जगातील काही वकिलातींच्या खिडकीसमोर कधी कधी एक वेगळेच कुटुंब उभे असते. नवरा-बायको एका देशाचे, त्यांच्या कडेवरचे मूल दुसऱ्या देशाचे. मुलाला त्यांची भाषा कळत नाही, त्यांना मुलाची कळत नाही. मूल रडत असते, आणि खिडकीमागचा अधिकारी विचारत असतो, “या दाखल्यावर नावाचे स्पेलिंग वेगळे का?”

हे दृश्य पाहून कुणाही सहृदय माणसाच्या मनात प्रश्न येईल : एका अनाथ जिवाला घर मिळते आहे, दोन माणसे त्याला पोटच्या मुलासारखे सांभाळायला तयार आहेत, मग प्रेमाला शिक्का कशाला? ही कागदांची भिंत म्हणजे निव्वळ निष्ठुरपणा नव्हे काय? प्रश्न साधा नाही. आज आपण त्यावर थोडा विचार करू या.

प्रथम हे कागद असतात तरी कोणते ते पाहू. अमेरिकेतील एखाद्या जोडप्याला परदेशातील मूल दत्तक घ्यायचे असेल तर आधी त्यांच्या घराची पाहणी होते. उत्पन्न, आरोग्य, पोलिसांचा दाखला, बोटांचे ठसे, शेजारी-मित्रांची शिफारसपत्रे हे सारे तपासले जाते. दत्तकाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार हेग शहरात २९ मे १९९३ रोजी झाला. भारताने तो २००३ साली स्वीकारला आणि अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ पासून लागू झाला. या करारानुसार कामाचा क्रम ठरलेला आहे. मुलासाठी त्याच्याच देशात घर मिळते का हे आधी पाहायचे. ते न मिळाल्यास परदेशी पालकांचा विचार करायचा. मुलाला नव्या देशात प्रवेश मिळेल असे त्या देशाने लिहून द्यायचे, आणि मगच दत्तकाचा हुकूम व्हायचा. म्हणजे मूल ‘ना इकडचे ना तिकडचे’ असे मध्येच लटकू नये.

चीनमधून मुले दत्तक घेणाऱ्या अमेरिकन पालकांना शेवटी ग्वांगझू शहरी यावेच लागे, कारण या मुलांचे व्हिसा तिथल्याच अमेरिकन वकिलातीत मिळत. पर्ल नदीकाठच्या शामियान बेटावरील हॉटेलांत बाबागाड्या ढकलणारी अशी कितीतरी जोडपी दिसत. मुलाची वैद्यकीय तपासणी, फोटो, फॉर्म, आणि अखेरीस वकिलातीत हात वर करून शपथ : आम्ही दिलेली माहिती खरी आहे. कुणाचा कागद दुसऱ्या शहरी राहिलेला, कुणाचे मूल तापाने फणफणलेले, कुठे सरकारी सुट्टी आडवी आलेली. थकलेल्या, रडवेल्या अशा आईबापांना ‘हे सारे मुलाच्या भल्यासाठी आहे’ असे सांगणे सोपे नाही.

तरीही ते खरे आहे. का, ते दोन उदाहरणांवरून पाहू.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला हा बहुसंख्य ख्रिस्ती लोकांचा गरीब देश. २००७ या एका वर्षात तेथून ४,७०० हून अधिक मुले अमेरिकेत दत्तक गेली. एवढी मुले आली कुठून? मूल देण्यामागे हजारो डॉलरांचा व्यवहार होता आणि मधल्या दलालांचे त्यावर पोट होते. काही आयांना फसवून सह्या घेतल्या गेल्या, काही मुले चक्क पळवली गेली. म्हणून अमेरिकन वकिलातीने आई व मूल यांची डीएनए चाचणी सक्तीची केली होती. ऑगस्ट २००७ पासून व्हिसाआधी मुलाची दुसरी चाचणीही सुरू झाली, कारण आधी तपासलेले मूल आणि व्हिसा घेणारे मूल एकच आहे का, याचीही खात्री उरली नव्हती. २००६ साली तिथल्या एका आईची दोन वर्षांची मुलगी घराजवळून पळवली गेली. तिची आई म्हणून दुसरीच बाई उभी करण्यात आली, पण डीएनए चाचणीत ते खोटे उघडे पडले. तिथेच हे प्रकरण थांबायला हवे होते. पण मुलीला नवे नाव देऊन, ‘टाकून दिलेले मूल’ म्हणून नवे कागद तयार झाले आणि मुलगी अमेरिकेत गेली. २०११ साली ग्वाटेमालाच्या न्यायालयाने ती मूळ आईकडे परत द्यावी असा आदेश दिला. तो अमलात आला नाही. त्या आईचे दुःख आपण कोणत्या शब्दांत सांगणार? आणि ज्यांनी त्या मुलीला मनापासून जीव लावला त्या दुसऱ्या आईचे तरी?

दुसरे उदाहरण हैतीचे. १२ जानेवारी २०१० रोजी तिथे भीषण भूकंप झाला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला दहा अमेरिकन नागरिकांना सरहद्दीवर अडवण्यात आले. ती चर्चमध्ये जाणारी, सेवाभावी माणसे होती. त्यांच्याबरोबर ३३ मुले होती आणि त्या मुलांना देशाबाहेर नेण्याचे कागद मात्र नव्हते. अनाथ बालकांना वाचवतो आहोत, असे ती सांगत होती. चौकशीत आढळले की बहुतेक मुलांचे आईवडील हयात होते. भूक आणि पडझडीपुढे हतबल होऊन, मुले शिकतील, जेवतील या आशेने त्यांनी ती सोपवली होती. त्या माणसांच्या हेतूबद्दल शंका घेण्याची गरज नाही. पण चांगला हेतू आणि योग्य कृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपली ख्रिस्तसभा आपल्याला लहानपणापासून शिकवत आली आहे.

शलमोन राजापुढे दोन स्त्रिया एकाच बाळावर हक्क सांगत आल्या, ती गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. दोघींच्याही डोळ्यांत पाणी असणार. राजाने अश्रूंवरून निवाडा केला नाही, त्याने पडताळणी केली. त्याची पद्धत कठोर वाटली, पण तिच्यामुळेच बाळ खऱ्या आईच्या कुशीत गेले. वकिलातीतला कारकून काही शलमोन नव्हे, पण त्याच्यापुढचा प्रश्न तोच आहे. खिडकीसमोर दोन माणसे बोलत असतात, आपली ओढ सांगत असतात. ज्या दोघांना बोलता येत नाही ती म्हणजे कडेवरचे मूल आणि दूर कुठेतरी राहिलेली त्याची जन्मदाती. तिने मूल स्वखुशीने दिले का? तिला पैशांचे आमिष दाखवले का? ती जिवंत असताना तिला मेलेली तर ठरवले नाही ना? कागद नीट असेल तर तो त्या दोघांच्या वतीने बोलतो.

‘नीट असेल तर’ हे शब्द मात्र विसरता कामा नयेत. कागदही खोटे बोलू शकतो. दक्षिण कोरियातून १९५० च्या दशकापासून हजारो मुले परदेशी गेली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगाने सांगितले की, अनेक प्रकरणांत आईवडील असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद झाली, काहींची ओळखच बदलली गेली. प्रत्येक फाईलवर शिक्के होते, सह्या होत्या. आज ती मुले मोठी होऊन आपली आई शोधतात तेव्हा त्यांच्या हाती येते ते असत्य. खोट्या साक्षीविषयीची आठवी आज्ञा फक्त कोर्टाच्या पिंजऱ्यातल्या माणसासाठी नाही. दाखल्यावर न पाहता सही करणारा डॉक्टर, ‘चालतंय हो’ म्हणणारा नोटरी, ‘काम लवकर होईल’ म्हणून पाकीट सरकवणारा पालक, या सर्वांना ती लागू आहे. त्या पाकिटामुळे नेमका कोणता प्रश्न विचारायचा राहून गेला, हे देणाऱ्याला कधी कळतही नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. अनाथालयातील प्रत्येक महिना मुलाच्या आयुष्यातून वजा होतो. मोठ्या माणसाचे एक वर्ष आणि दोन वर्षांच्या बाळाचे एक वर्ष सारखे नसते. फाईल कपाटात पडून राहते आणि बाळ कुणाच्या तरी हाताची वाट पाहत राहते. कधी तर राजकारण आड येते. रशियाने अमेरिकेवरच्या रागातून १ जानेवारी २०१३ पासून अमेरिकन पालकांना मुले देणेच बंद केले. ज्यांनी मुलांना भेटून ‘आम्ही न्यायला येऊ’ असे सांगितले होते, त्यांनाही जाता आले नाही. चीननेही २०२४ साली, जवळच्या नातेवाइकांचा अपवाद वगळता, परदेशी दत्तक थांबवले आणि वर्षानुवर्षे थांबलेली कुटुंबे तशीच राहिली. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात दत्तक घेण्याच्या औदार्याचे कौतुक केले आणि दत्तकाची प्रक्रिया सुलभ व्हावी असे आग्रहाने सांगितले. म्हणून टेबलामागे बसणाऱ्यानेही आपला विवेक तपासावा. पडताळणी हे त्याचे कर्तव्य आहे, चालढकल हे पाप आहे. दोन्ही एकाच खुर्चीत बसून करता येतात, म्हणून तर फरक ओळखायला हवा.

मग कायदा संथ असेल, कधी अन्यायीही असेल, तेव्हा पालकाने काय करावे? त्याने पाठपुरावा करावा, दाद मागावी, तक्रार करावी, पण खोटे लिहू नये. कारण खोट्यावर उभारलेल्या घरात शेवटी राहायचे असते ते मुलाला. आणि कागद अर्धवटही सोडू नये. अमेरिकेत २००१ पासून दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले, पण त्या दिवशी ज्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली होती ते त्यातून वगळले गेले. त्यांच्यापैकी ज्यांच्या पालकांनी नागरिकत्वाचा अर्जच केला नव्हता, त्यांतील काहींना प्रौढपणी अमेरिकेबाहेर काढण्यात आले. ज्या देशाची भाषाही येत नाही तिथे ते ‘परत’ गेले. मुलाला न्हाऊ-माखू घालणे हे जसे प्रेम, तसे त्याचा फॉर्म वेळेवर भरणे हेही प्रेमच.

संत योसेफाकडे पाहा. येशू त्याच्या रक्ताचा नव्हता, पण देवदूताच्या सांगण्यावरून त्याने बाळाला नाव दिले, म्हणजे सर्वांसमोर त्याला आपला म्हटले. गरोदर मरियेला घेऊन तो बेथलेहेमला गेला तोही नावनोंदणीसाठीच. परक्या बादशहाचा तो हुकूम, वाट लांबची, राहायला जागा नाही. योसेफाने हे सारे सोसले. त्याचे प्रेम नोंदवहीत मावणारे नव्हते, तरी त्याने नोंद टाळली नाही. संत पौलानेही आपण देवाची दत्तक लेकरे आहोत असे शिकवले. त्याच्या काळच्या रोमन जगात दत्तक ही साक्षीदारांसमोर होणारी कायद्याची गोष्ट होती. नवा मुलगा वारस ठरे, त्याला कुणी ‘उपरा’ म्हणू शकत नसे. ख्रिस्तसभेच्या नियमसंहितेतील ११० वा नियमही सांगतो की, देशाच्या कायद्यानुसार दत्तक घेतलेली मुले ही दत्तक घेणाऱ्यांचीच मुले होत. म्हणजे सरकारी कागदाला ख्रिस्तसभाही मान देते.

हे सारे दूरदेशीचे आहे असे मानू नका. ‘अमुक हॉस्पिटलात ओळख आहे, मूल मिळेल’ असे कुजबुजणारे आपल्याकडेही भेटतात. अविवाहित लेकीचे बाळंतपण लपवण्यासाठी बाळ परस्पर देऊन टाकणारे घर आपल्या शेजारीही असू शकते. अशा वेळी बदनामीची भीती खरी असते. पण बाळ परस्पर देऊ नका. बालकल्याण समितीकडे ते सोपवता येते, आईचे नाव गुप्त राहते आणि तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. संकटातील मुलांसाठी १०९८ हा फोन आहे. पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना कायद्याने फक्त पालकत्व मिळत असे. आज बाल न्याय कायद्याखाली धर्म न पाहता दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा हुकूम जिल्हाधिकारी देतात. परदेशी असलेल्या भावाने आपल्या भाचीला दत्तक न्यायचे म्हटले तरी ‘घरचेच आहे’ म्हणून चालत नाही. ‘कारा’ या केंद्रीय संस्थेचे ना हरकत पत्र लागतेच.

आणि आपल्या धर्मग्रामात कुणी दत्तक घेण्यासाठी थांबले असेल, तर ‘अजून काहीच नाही का?’ असे विचारून त्यांना टोचू नका. एखादा दाखला आणायला त्यांच्याबरोबर जा. रांगेत त्यांच्या शेजारी उभे राहा. ते मूल येईल तेव्हा चर्चच्या दारात ‘खरी आई कोण?’ असे त्याच्यादेखत विचारू नका.

संत योसेफा, ज्या मुलांना अजून घर नाही त्यांच्यासाठी, ज्यांनी मूल दिले त्या मातांसाठी, वाट पाहणाऱ्या आईबापांसाठी, आणि ज्यांच्या सहीवर या सर्वांचे आयुष्य अवलंबून आहे त्यांच्यासाठी विनंती कर. आमेन.