पुन्हा अर्ज करण्याची कृपा करावी

बँकेतल्या माझ्या टेबलाला सहकाऱ्यांनी 'चित्रगुप्ताचं काउंटर' असं नाव ठेवलेलं आहे. नोव्हेंबर उजाडला की पेन्शनर मंडळी माझ्यासमोर येऊन आपण जिवंत असल्याचं सिद्ध करतात. समोर अख्खा माणूस उभा असतो, धापा टाकत असतो, आमच्या जिन्याला शिव्या देत असतो, तरीही मी विचारतो, "हयातीचा दाखला?" एकदा एक निवृत्त मास्तर म्हणाले, "अहो, गेल्या वर्षी दिला होता की!" मी म्हणालो, "तो गेल्या वर्षी जिवंत असल्याचा होता." हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढे कित्येक वर्षं मी ते वापरलं.

तेच वाक्य एक दिवस माझ्याच घरात येऊन बसेल, अशी मात्र कल्पना नव्हती.

२०२४च्या १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. घरात चकलीची भाजणी दळून आली होती, आणि तिच्या पाठोपाठ यादीचं काम पाहणाऱ्या बाई 'नमुना १२ ड' घेऊन आल्या. ज्यांना केंद्रावर जाणं झेपत नाही अशा वृद्धांनी घरबसल्या टपाली मतदानासाठी भरायचा हा अर्ज. वयाची अट त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ८० वरून ८५ केलेली. आमचे अण्णा ८७ वर्षांचे, म्हणजे दोन्ही परीक्षांत पास. अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज द्यायचा. मी पेन काढून दिलं.

अण्णांनी चष्मा लावला, अर्ज वाचला, आणि चष्मा काढला. "हा अर्ज मी उन्हाळ्यात भरला नव्हता का?"

"तो लोकसभेचा होता, अण्णा."

"मी तोच आहे. घर तेच आहे. गुडघाही तोच आहे. की मधल्या सहा महिन्यांत माझा गुडघा सुधारेल अशी सरकारला आशा होती?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं; मास्तरांना दिलेलं, तयार. पण ते वडिलांसमोर तोंडातून बाहेर पडेना. आपली विनोदबुद्धी काउंटरच्या एकाच बाजूने चालते, हे मला त्या दिवशी कळलं.

अण्णा टपाल खात्यातून निवृत्त झालेले. १९६२पासून त्यांचं एकही मत चुकलेलं नाही. उन्हाळ्यात पहिल्यांदा मतदान घरी आलं तेव्हा त्यांनी दाढी केली, कोट चढवला. आईने दिवाणावर नवी चादर घातली. दोन अधिकारी, एक पोलीस आणि एक व्हिडिओवाला असा लवाजमा आला. पोहे कोणी घेतले नाहीत, म्हणून आईचा मुलीकडची मंडळी नाराज झाल्यासारखा चेहरा. मग पुठ्ठ्याचा आडोसा उभा राहिला आणि आम्हा सर्वांना स्वयंपाकघरात पिटाळण्यात आलं. पंचावन्न वर्षांच्या संसारात अण्णांनी आईपासून लपवून केलेली ही पहिली गोष्ट. मतपत्रिका लहान पाकिटात, ते आणि प्रतिज्ञापत्र मोठ्या पाकिटात, आणि मोठं पाकीट पेटीत. सगळं झाल्यावर अण्णांनी एकच शंका काढली, "टपाली मतदान म्हणता, मग टपाल कुठाय? तिकीट नाही, शिक्का नाही, पोस्टमन नाही!" अधिकारी बिचारे हसले. अण्णा विनोद करत नव्हते.

तर प्रश्न असा, की जे आपलं आहे ते परत परत का मागायचं? मला भल्या पायांनी केंद्रावर जाता येतं. मला कोणी विचारत नाही, की बाबा रे, या खेपेलाही तुला मत द्यायचंय ना? ज्याला चालवत नाही त्यालाच तेवढा अर्ज. शिवाय तो अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाण्याची वाट बंद. उद्या गुडघ्याने चमत्कार केला तरी उपयोग नाही.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून भारताच्या पासपोर्टावर त्याला तिथे मत देता येतं, तेही पोस्टाने. तिथल्या २०२२च्या कायद्यानंतर एक अर्ज जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो, मग पुन्हा नवा. इथल्या यादीत अनिवासी म्हणून नाव लावलं तर मात्र मत द्यायला जातीने हजर व्हावं लागतं. म्हणजे परक्या देशाला त्याचं पाकीट चालतं, स्वतःच्या देशाला तोच पाहिजे! प्रेम म्हणतात ते हेच असावं.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे 'आपोआप नूतनीकरण' नावाची सोय असते. मुदत संपली की ठेव आपली आपण पुन्हा सुरू होते. फार सोयीची. पण अशा किती ठेवी मी पाहिल्या आहेत, की मालक जाऊन वर्षं लोटली, कागद मात्र दर वर्षी नव्याने तरुण होतोय! मतपत्रिकाही अशी न मागता घरोघर यायला लागली, तर आडोशामागे कोण बसेल सांगता येत नाही. हे मी अण्णांना समजावलं. खालच्या आवाजात, कारण उदाहरण अशुभ होतं.

अण्णा म्हणाले, "पटलं. दर वेळी विचारावं. आता सांग, तू तुझा अर्ज भरलास?"

मी चकलीच्या पिठाकडे पाहू लागलो. निवडणुकीच्या ड्यूटीवर आम्हा बँकवाल्यांना धरतात, आणि ड्यूटीवरच्यांनाही टपाली मत असतं. त्यासाठी 'नमुना १२' भरावा लागतो. २०१४ आणि २०१९ या दोन्ही वेळा मी दिवसभर शेकडो बोटांना शाई लावली आणि कोरं बोट घेऊन घरी आलो. कारण? अर्ज भरायचा कंटाळा. ज्याला चालता येत नव्हतं तो मागायचं का म्हणून भांडत होता, आणि ज्याला सगळं येत होतं त्याने मागितलंच नव्हतं.

"अर्ज अपमानाचा नसतो रे," अण्णा म्हणाले. "विचारणारा कसा विचारतो, त्यावर आहे. ती बाई तीन जिने चढून आली. तू कधी काउंटर सोडून उठलायस?"

त्या रात्री एकाच टेबलावर, एकाच पेनने दोन अर्ज भरले गेले. नोव्हेंबरात अण्णांनी कोट घालून घरी मत दिलं. मी प्रशिक्षणाच्या सुविधा केंद्रावर दिलं. टपाल तिथेही नव्हतं.

त्याच महिन्यात मास्तर बँकेत आले. या वेळी मी उठलो, जिन्यापाशी जाऊन त्यांना खुर्ची दिली, दाखल्याचा कागद तिथेच नेला. मागितला मात्र. मास्तर संशयाने म्हणाले, "काय हो, बरे आहात ना?"

निकाल लागल्यावर अण्णांनी विचारलं, "पुढची लोकसभा २०२९ला ना? तो अर्ज कधी मिळेल?"

मी मनातल्या मनात वयाची बेरीज केली आणि गप्प बसलो. पाच वर्षांच्या मुदतीची ठेव ठेवायला आमच्या बँकेत वयाची कमाल मर्यादा नाही.