कोरडी मार्टिनी आणि अभावाचा प्रश्न

ज्युनिपर या झुडपाच्या फळांनी सुगंधित केलेल्या जिनमध्ये व्हर्मूथ हे सुगंधी वाइन मिसळून, ते मिश्रण बर्फावर ढवळून आणि गाळून घेतले की मार्टिनी तयार होते, ही व्याख्या निर्दोष वाटते; परंतु या पेयाचा इतिहास पाहता त्यातील दुसरे द्रव्य सतत आटत गेलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यात गोड तांबडे व्हर्मूथ सढळ हाताने पडत असे. आज आंतरराष्ट्रीय बारटेंडर संघटनेच्या कृतीत 60 मिलिलिटर जिनला 10 मिलिलिटर ड्राय व्हर्मूथ सांगितले आहे. आणि अमेरिकेच्या मानक संस्थेने 1966 मध्ये विनोदाने का होईना, पण रीतसर क्रमांक देऊन काढलेल्या मानकात हे प्रमाण किमान सोळास एक ठरवले. ‘ड्राय’ म्हणजे कोरडे, हा शब्द मुळात वाइनमधील साखरेच्या अभावाचा वाचक होता. मार्टिनीच्या बाबतीत तो हळूहळू व्हर्मूथच्याच अभावाचा वाचक झाला. हे प्रमाण शून्यावर पोहोचले तर हातात उरते ती मार्टिनी की नुसती गार जिन, हा प्रश्न पानगोष्टींतला वाटला तरी भारतीय दर्शनांनी तो वेगळ्या उदाहरणावर शतकानुशतके लढवलेला आहे.

‘जमिनीवर घट नाही’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय जाणले जाते, असा तो वाद आहे. न्याय-वैशेषिकांच्या मते अभाव हा स्वतंत्र पदार्थ असून तो कधीही मोघम नसतो. तो नेहमी कशाचा तरी अभाव असतो, आणि ज्याचा अभाव असतो त्याला प्रतियोगी म्हणतात. घट ठाऊक नसलेल्या माणसाला घटाभाव दिसणे शक्य नाही. याउलट प्राभाकर मीमांसकांना अभाव हा निराळा पदार्थ मान्य नाही; घट नसलेली जमीन म्हणजे केवळ जमीन, अधिक काही नाही. प्राभाकरांपुढे व्हर्मूथविरहित मार्टिनी ठेवली असती, तर त्यांनी तिला निःसंकोचपणे गार जिन म्हटले असते.

स्पॅनिश चित्रपट-दिग्दर्शक लुईस बुन्युएल यांनी 1982 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा प्रश्न ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अंगणात नेला. अतिकोरड्या मार्टिनीचे भोक्ते नॉयली प्रा या फ्रेंच व्हर्मूथच्या बाटलीतून सूर्याचा एक किरण जिनवर पडू देणे पुरेसे मानतात, असे सांगून ते या क्रियेची तुलना काच न फोडता तिच्यातून जाणाऱ्या किरणाप्रमाणे झालेल्या कुमारी मेरीच्या गर्भधारणेशी करतात आणि हा दृष्टान्त संत थॉमस अक्वायनस यांच्या नावावर घालतात. मात्र त्यांची स्वतःची घरची कृती या चमत्कारावर विसंबून नाही, हे अधिक लक्षणीय आहे. ग्लास, जिन आणि शेकर आदल्या दिवशीच फ्रिजमध्ये ठेवायचे, अतिशय थंड व घट्ट बर्फावर व्हर्मूथचे थोडे थेंब आणि अँगोस्टुरा हा कडू अर्क घालून हलवायचे, ते द्रव ओतून टाकायचे आणि चव लागलेल्या त्या बर्फावर मग शुद्ध जिन ओतायची, अशी ती आहे. येथे व्हर्मूथ गेले, पण जाताना खूण ठेवून गेले. नैयायिकाच्या भाषेत याला अत्यंताभाव, म्हणजे तिन्ही काळांतील अभाव, म्हणता येणार नाही.

नैयायिकांनी सांगितलेल्या चार अभावांपैकी घरच्या मार्टिनीला खरोखर नडतो तो प्रध्वंसाभाव, म्हणजे वस्तू नष्ट झाल्यानंतरचा अभाव. व्हर्मूथ हे अर्टेमिसिया या कडू वनस्पतीसह अनेक औषधींनी सुगंधित केलेले आणि वरून मद्यार्क घालून सशक्त केलेले वाइनच असते, त्यामुळे उघडल्यावर हवेशी संयोग होऊन ते बिघडत जाते. तरीही ते व्हिस्कीच्या शेजारी कपाटात महिनोन्‌महिने ठेवले जाते आणि मग त्याची चव नकोशी वाटली की दोष व्हर्मूथ या जातीलाच दिला जातो. कोरडेपणाच्या हौसेचा मोठा भाग या शिळ्या बाटल्यांतून आला असावा, असा संशय घेण्यास जागा आहे. अन्योन्याभावाचे, म्हणजे ‘हे ते नव्हे’ या भेदाचे, उदाहरण दुकानातच मिळते: मार्टिनी नावाची इटालियन बाटली ही मार्टिनी नव्हे, ते व्हर्मूथ आहे.

कुमारिलांचे अनुयायी भाट्ट मीमांसक अभाव मानतात, परंतु तो अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, या वेगळ्या ज्ञानसाधनाने कळतो असे म्हणताना एक अट घालतात: वस्तू असती तर ती जाणवलीच असती, अशी योग्यता हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. ही अट स्वयंपाकघरातही तितकीच लागू पडते. बर्फाला फ्रीझरमधील मासळीचा वास लागलेला असेल, किंवा पिवळ्या, जाड सालीच्या लेमनऐवजी कागदी लिंबाची पातळ साल पिळून तिचे उग्र, हिरवट तेल पृष्ठभागावर पसरवले असेल, तर व्हर्मूथ आहे की नाही हे जिभेला कळण्याची योग्यताच उरत नाही. अर्थात जिनही चांगली हवी, पण तिचा शोध मराठी माणसाला आता फार दूर न्यावा लागत नाही. गोव्यात हिमालयी ज्युनिपरपासून जिन गाळली जाते आणि तिचे हपुसा हे नाव त्या झाडाच्या ‘हपुषा’ या संस्कृत नावावरून आले आहे.

तेव्हा प्राभाकरांचा निर्णय व्हर्मूथ कधी न चाखलेल्याच्या बाबतीत बरोबर ठरतो, आणि चाखलेल्याच्या बाबतीत नैयायिकांचा. ज्याला कोरडी मार्टिनी हवी आहे त्याने आधी सहास एक प्रमाणाची करून प्यावी, व्हर्मूथची शक्य तितकी लहान बाटली घ्यावी, उघडल्यावर ती फ्रिजमध्ये ठेवावी आणि महिना-दोन महिन्यांत संपवावी.