दातांची साक्ष

माणूस कोठला, हा प्रश्न आपण जिवंत माणसाला विचारतो तेव्हा त्यात पुष्कळदा संशय असतो. आता तो मेलेल्यांनाही विचारता येतो, आणि उत्तर त्यांचे दात देतात.

दाताचे वरचे पांढरे कवच लहानपणी एकदाच घडते. हाड आयुष्यभर झिजते नि भरून निघते. कवचाला ती सोय नाही. पोर जिथले पाणी प्याले, जिथले धान्य त्याने खाल्ले, तिथल्या पाण्यातील ऑक्सिजनच्या नि जमिनीतील स्ट्रॉन्शियमच्या हलक्या-जड अणूंचे प्रमाण त्या कवचात कायमचे राहते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. पण एवढे रसायन मलाही उमगले.

इंग्लंडात एम्सबरी येथे २००२ साली घरे व शाळा बांधण्याआधी जमीन तपासत असता एक कबर लागली, सुमारे ४३०० वर्षांपूर्वीची. आत चाळिशीच्या आसपासचा पुरुष आणि त्याच्याभोवती शंभराच्या आसपास वस्तू: मातीची पाच भांडी, तांब्याच्या तीन सुऱ्या, सोन्याचे दोन दागिने, गारेची बाणाग्रे. बाणांवरून त्याला तिरंदाज म्हणू लागले. स्टोनहेंजची प्रचंड शिळावर्तुळे तेथून पाचेक किलोमीटरवर. तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याला लगेच स्टोनहेंजचा राजा करून टाकले. मग दात तपासले. राजा आल्प्स पर्वताकडे वाढलेला निघाला! तसल्या घाटाची भांडी युरोपात दूरवर सापडतात. माणसे हिंडली की नुसती भांड्यांची चाल पसरली, हा पंडितांचा जुना वाद. निदान हा माणूस तरी समुद्र ओलांडून आला होता.

माझे मन अडते ते याच्या पुढे. त्याच्या डाव्या गुडघ्याची वाटी मरणाच्या कितीतरी आधी गेलेली होती. तो लंगडत असला पाहिजे. त्याला घास कोणी दिला, हे दात सांगत नाहीत. ज्यांनी त्याला सोन्यासकट पुरले त्यांनी त्याला परका मानले असेल, असे मला वाटत नाही. शास्त्रज्ञ दाताला विचारतात, "तू कोठे वाढलास?" आपण उत्तर ऐकतो ते मात्र "तू आमचा नव्हेस" असे. हा दोष शास्त्राचा नव्हे, ऐकणाऱ्या कानांचा.

शाळेच्या रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना असतो. ऊसतोडणीवाल्यांच्या पोरांचा तो रकाना भरताना आईबाप एकमेकांकडे पाहतात. पोर जन्मले उसाच्या फडावर, गाव भलतीकडे, आणि वर्षातले सहा महिने पाणी तिसऱ्याच विहिरीचे. उद्या कोणी त्यांचे दात तपासले तर त्यांत किती गावे निघतील! त्यांतल्या कोणत्या गावाला ती आपली म्हणता येतील? माझ्या मते, जे म्हणायला तयार असेल त्याला.

एम्सबरीला त्या नव्या वस्तीत पुढे शाळा झाली. तिला गावाने त्या तिरंदाजाचेच नाव दिले आहे.