वाट पाहणारे लेकरू



आज आगमनकाळाचा चौथा रविवार. नाताळ अगदी दाराशी आला आहे. गोठ्याचे काम तरुणांनी अर्ध्याहून पुढे नेले आहे, घरोघरी फराळाची गडबड आहे. अशा वेळी ख्रिस्तसभा आपल्यापुढे योसेफाला उभा करते. मरियेच्या उदरातले बालक आपले नाही, हे त्याला ठाऊक आहे. तरी देवदूताचा निरोप ऐकून तो तिला घरी आणतो आणि बाळाचे नाव येशू ठेवतो. त्या काळी बापाने नाव ठेवणे म्हणजे हे मूल माझे आहे, असे चारचौघांत सांगणे होय. योसेफाने आपले म्हटले म्हणून येशू दाविदाच्या घराण्यातला ठरला. आपल्या तारणाच्या इतिहासाच्या उंबरठ्यावर अशी एक दत्तकाची गोष्ट आहे.

याच आठवड्यात आम्हांला इटलीहून एक पत्र आले. ते पत्र आणि आजचे शुभवर्तमान आम्ही एकत्रच वाचले. पत्र लिहिणाऱ्यांच्या परवानगीने त्याविषयी आपल्याशी बोलत आहोत. मुलीचे नाव आणि बालगृहाचे ठिकाण सांगणार नाही. कायद्यालाही तेच अपेक्षित आहे.

धर्मभगिनींच्या एका बालगृहात आम्ही दर गुरुवारी मिस्सा अर्पण करायला जात असू. तिथे ही मुलगी होती. तिला आईवडील मिळाले, म्हणजे कागदावर मिळाले, तेव्हा तिला नववे वर्ष लागले होते. साल होते २०२२. त्या इटालियन जोडप्याने तिच्यासाठी घराच्या फोटोंचा एक आल्बम आणि एक निळा फ्रॉक पाठवला. न्यायला येतील त्या दिवशी घालायचा म्हणून सिस्टरांनी तो कपाटात जपून ठेवला.

तो दिवस लवकर उजाडला नाही. परदेशात मूल दत्तक देण्याची वाट लांबची आहे. मुलांच्या संरक्षणासाठी १९९३ साली हेग येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २००३ साली भारताने तो मान्य केला. त्यानुसार पालकांच्या घराची, मिळकतीची, आरोग्याची, स्वभावाची चौकशी त्यांच्या देशात होते. इकडे बाल कल्याण समिती मुलाच्या नातलगांचा शोध घेते आणि मगच मूल दत्तकासाठी मोकळे आहे असे जाहीर करते. आधी देशातल्या पालकांना विचारले जाते. त्यानंतर 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र, दत्तकाचा आदेश, पासपोर्ट, व्हिसा. त्यातच सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकारी देऊ लागले. या बदलात कितीतरी फायली मध्येच अडकल्या. हिचीही अडकली. वैद्यकीय अहवाल जुना झाला म्हणून पुन्हा तपासणी झाली. सिस्टरांनी दोनदा त्या फ्रॉकची शिवण उसवून तो सैल केला. सव्वा वर्षाने आईवडील आले, तेव्हा तो तिच्या गुडघ्यांच्या बराच वर आला होता.

मधल्या काळात एका गुरुवारी तिने आम्हांला विचारले, "फादर, मी अजून मोठी झाले तर त्यांना मी नको होईन का?"

बंधुभगिनींनो, आम्ही तत्त्वज्ञानाची पदवी घेतली आहे, पण त्या मुलीला द्यायला आमच्याजवळ उत्तर नव्हते. "देवावर भरवसा ठेव, बाळ," असे म्हणून आम्ही चहाला गेलो. तो प्रश्न मात्र आम्हांला सोडून गेला नाही.

तिचा प्रश्न बरोबरच होता. ती आपल्या डोळ्यांनी पाहत होती: लहान बाळांना न्यायला लोक येतात, मोठ्या मुलांना कोणी येत नाही. गेल्या काही वर्षांत 'कारा'कडे नाव नोंदवलेल्या पालकांची संख्या तीस हजारांच्या वर गेली आहे, आणि दत्तकासाठी उपलब्ध असलेली मुले दोन-अडीच हजारांच्या घरात आहेत. तरीही पाच वर्षांच्या पुढची मुले मागेच राहतात, कारण बहुतेकांना तान्हे मूल हवे असते. तान्हे मूल आपल्याला हवे तसे वाढवता येईल असे आपल्याला वाटते. नऊ वर्षांच्या मुलीला मात्र स्वतःच्या सवयी असतात, आठवणी असतात, जखमा असतात. ती कोरी पाटी नसते.

इथे संत पौलाकडे वळू या. देवाने आपल्याला दत्तक घेतले आहे, हा विचार त्याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात मांडला आहे. रोमच्या लोकांना दत्तक म्हटले की काय आठवत असे? त्यांच्यात बहुधा मोठी माणसे दत्तक घेतली जात. ज्यूलियस सीझरने मृत्युपत्राने दत्तक घेतला तो ऑक्टेव्हियन, पुढचा सम्राट ऑगस्टस, तेव्हा अठरा वर्षांचा तरुण होता. त्याच ऑगस्टसने इ.स. ४ मध्ये तिबेरियसला दत्तक घेतले, तेव्हा त्याने चाळिशी ओलांडली होती. पौलाचे शब्द ऐकताना रोमकरांच्या डोळ्यांसमोर पाळण्यातले बाळ नव्हते. मागचे आयुष्य असलेला माणूस होता. आपण देवाची अशीच लेकरे आहोत. आपल्या सवयी, आपला हट्ट, आपली पापे, आपल्या जखमा हे सगळे घेऊनच आपण त्याच्या दारात उभे राहिलो, आणि त्याने आपल्याला नाकारले नाही. "मी मोठी झाले तर नको होईन का?" या प्रश्नाचे देवाचे उत्तर आपण स्वतः आहोत. त्या गुरुवारी आम्ही हे तिला सांगायला हवे होते.

त्याच आठव्या अध्यायात पौल आणखी एक गोष्ट लिहितो. आपल्याला दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे आणि आपण देवाला 'अब्बा' अशी हाक मारतो, असे तो आधी म्हणतो. मग थोडे पुढे तो म्हणतो की आपण अजून दत्तकपणाची वाट पाहत आहोत आणि वाट पाहताना कण्हत आहोत. आधी मिळाले म्हणायचे आणि मग वाट पाहतो म्हणायचे, हे कसे? सेमिनरीत शिकताना आम्हांला ते कोडेच वाटत असे. त्या मुलीकडे पाहून ते उलगडले. तिच्या उशाखाली आईवडिलांचा फोटो होता. ती त्यांची होती, पण त्यांच्या कुशीत नव्हती. आगमनकाळातला प्रत्येक ख्रिस्ती माणूस असाच असतो.

वाट पाहण्याचे दुःख देवाला कळते म्हणून प्रत्येक विलंब देवाची इच्छा असतो, असे मात्र कृपया समजू नका. काही विलंब मुलाच्या भल्याचा असतो. एखाद्या गरीब आईला फसवून तिचे मूल घेतलेले नाही ना, कोणी नातलग त्याला शोधत नाही ना, हे पाहायला वेळ लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. जगात अशा चुका झाल्या आहेत आणि त्यांची किंमत मुलांनी आणि त्यांच्या जन्मदात्यांनी मोजली आहे. पण टेबलावर कागद पडून राहिल्याने जो विलंब होतो, तो पाप आहे. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी जण सरकारी कचेऱ्यांत नोकरी करतात. बंधूंनो, तुमच्या टेबलावरच्या फायलीत कोणाचा तरी फ्रॉक आखूड होत असतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रकात, दत्तकाची वाट कायद्याने सुकर करावी, असा आग्रह धरला होता.

आणि कधी कधी वाट पाहणे सफल होतच नाही. रशियाने डिसेंबर २०१२ मध्ये कायदा करून अमेरिकन पालकांना मुले देणे बंद केले. आपल्या होणाऱ्या आईवडिलांना भेटलेली मुलेही अनाथालयातच राहिली. चीनने २०२० मध्ये महामारीमुळे ही प्रक्रिया थांबवली आणि २०२४ मध्ये परदेशी दत्तक जवळजवळ पूर्ण बंद केले. अमेरिकेतील शेकडो कुटुंबांनी आपल्या ठरलेल्या मुलासाठी चार वर्षे खोली सजवून ठेवली होती. त्या खोल्या रिकाम्याच राहिल्या.

अशा माणसांना आशेविषयी काय सांगायचे? गाब्रिएल मार्सेल नावाचे एक फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ होऊन गेले. पहिल्या महायुद्धात ते रेड क्रॉसमध्ये बेपत्ता सैनिकांचा तपास करत. वाट पाहणारे आईबाप त्यांच्यापुढे रोज येत. पुढे त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एक मुलगा दत्तक घेतला. इच्छा आणि आशा यांत त्यांनी फरक केला. इच्छेचा डोळा वस्तूवर आणि तारखेवर असतो. तारीख टळली की ती कोसळते. आशा एका व्यक्तीवर विसंबते, आणि ती कधी एकट्यासाठी नसते, 'आपल्यासाठी' असते. ज्यांची खोली रिकामी राहिली, त्यांनाही त्या दूरच्या लेकरासाठी प्रार्थना करणे सोडावे लागत नाही. हे उत्तर पुरेसे आहे असे आम्ही म्हणत नाही. पण वधस्तंभाखाली उभ्या असलेल्या मरियेलाही याहून मोठे उत्तर मिळाले नव्हते.

आता त्या मुलीकडे परत येऊ. २०२३ च्या पावसाळ्यानंतर तिचे आईवडील आले. आदेश हाती आला होता, व्हिसा यायचा होता. ते दोन रविवार आपल्या चर्चमध्ये मिस्साला आले. मराठी एक शब्द कळत नव्हता, पण मिस्सा कळत होती. निघायच्या दिवशी मुलगी हसली नाही. आपल्या मैत्रिणीला, सात वर्षांच्या एका मुलीला, घट्ट धरून ती रडली. नव्या आईला वाटले, आपण हिला आवडलो नाही. सिस्टरांनी तिला समजावले की जिला सोडून जाताना रडू येते, तिला प्रेम करता येते.

आम्हांला वाटले, वाट संपली. पत्रात लिहिले आहे की खरी वाट तिथून सुरू झाली. पहिले कित्येक महिने ती पाव उशीखाली लपवून ठेवत असे. रात्री दिवा मालवू देत नसे. नव्या आईवडिलांना ती नावाने हाक मारी आणि रागावली की मराठीत बोले. मग मराठी हळूहळू विसरू लागली आणि त्याचेच तिला रडू येई. काही मुलांच्या बाबतीत या टप्प्यावर पालकांचा धीर सुटतो आणि नाते मोडते, हेही खरे आहे. या दोघांनी धीर सोडला नाही. आईने रोज रात्री तिच्या खोलीत एक पाव बशीत ठेवायला सुरुवात केली, म्हणजे लपवायची गरज उरू नये. गेल्या ईस्टरला ती बशी सकाळी जशीच्या तशी होती. आणि मे महिन्यात, सायकलवरून पडल्यावर, तिने प्रथमच 'मम्मा' अशी हाक मारली.

जुन्या करारातला मोशे आठवा. त्याच्या जन्मदात्या आईनेच त्याला दूध पाजले, आणि तो मोठा झाल्यावर त्याला फारोच्या कन्येकडे नेऊन दिले. परक्या घरात, परक्या भाषेत तो तिचा पुत्र झाला. पुढे तो आपल्या लोकांना शोधत बाहेर पडला. दत्तक मुलाने आपली मुळे शोधणे हा कृतघ्नपणा नव्हे. आज कायदाही त्याला तो हक्क देतो. मोशेला देवाने दोन्ही घरांसकट वापरले.

काही जण आम्हांला विचारतात, "फादर, आपली लेकरे परदेशात का पाठवायची?" प्रश्न रास्त आहे. पण ती मुलगी आधी आपल्याच देशातल्या पालकांपुढे आली होती. कोणी हात पुढे केला नाही. एके काळी ख्रिस्ती दांपत्यांना कायद्याने फक्त पालकत्व मिळत असे, पूर्ण दत्तक मिळत नसे. आता ती अडचण राहिलेली नाही. बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केले आहे. आम्हीही दोषी आहोत. मूल नसलेल्या किती जोडप्यांसाठी आम्ही या वेदीवरून प्रार्थना केली, पण आईबाप नसलेल्या नऊ वर्षांच्या मुलीचा उल्लेख एकदाही केला नाही.

प्रत्येकाने मूल दत्तक घ्यावे, असे आम्ही सांगत नाही. ते पाचारण आहे आणि घाईने घ्यायचा निर्णय नव्हे. पण ज्या जोडप्यांच्या मनात हा विचार आहे, त्यांनी मोठ्या मुलाचाही विचार करावा आणि आमच्याशी निःसंकोच बोलावे. बाकीच्यांनी दोन गोष्टी कराव्यात. आपल्या धर्मग्रामात जी दत्तक मुले आहेत, त्यांच्याविषयी बोलताना 'खरी आई कोण' असे विचारू नये. जी रात्री उशाशी पाव ठेवते, ती खरी आई आहे. आणि जिने जन्म दिला, तिच्यासाठी प्रार्थना करावी. दुसरे, नाताळच्या आठवड्यात बालगृहातल्या मोठ्या मुलांना भेटायला जावे. बाळांना पाहायला सगळेच जातात.

त्या मुलीची सात वर्षांची मैत्रीण आता नऊ वर्षांची झाली आहे. ती अजून तिथेच आहे.

ज्या योसेफाने परक्या बाळाला आपले नाव दिले, तो वाट पाहणाऱ्या सर्व लेकरांसाठी आणि आईवडिलांसाठी विनंती करो. आपणां सर्वांना नाताळच्या शुभेच्छा आणि आशीर्वाद.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू