कठडा कोणासाठी?

गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर मंडळीतील एका बंधूंनी आम्हांस बाजूला घेतले आणि विचारले, "भाऊ, गाडी घ्यायची म्हणतो. घरी आई आहे, बहीण आहे, दोन लेकरे आहेत. सुरक्षित अशी कोणती घ्यावी?" आम्ही वचन सांगणारे, गाड्या विकणारे नव्हे. परंतु बंधूंनी हप्त्याचा हिशेब कागदावर मांडून आणला होता, आणि तो कागद पाहून आम्हांस हसता आले नाही. वर्षानुवर्षांची बचत होती ती.

आवारात उभे असलेल्यांनी लगेच सल्ले दिले. एक म्हणाले, दारावर बोट वाजवून पाहा, पत्रा जाड असला म्हणजे गाडी भक्कम. दुसरे म्हणाले, ॲव्हरेज पाहा, बाकी सारे देवाच्या हातात. तिसरे म्हणाले, उंच आणि वजनदार घ्या, पुढे गार्ड बसवून घ्या, म्हणजे समोरच्याला धाक राहतो. हा तिसरा सल्ला ऐकून आम्ही गप्प झालो. त्याचे कारण पुढे सांगू.

प्रथम जाड पत्र्याविषयी. ही समजूत आपल्याकडे फार पक्की आहे, परंतु ती अर्धीच खरी आहे. जिनिंगच्या आवारात सुट्या कापसाच्या ढिगावर उडी मारणारे पोर हसत उठते. तीच उडी दाबून बांधलेल्या गाठीवर मारली तर पाय मोडतो. चांगल्या मोटारीत दोन्ही गोष्टी लागतात. पुढचा भाग असा हवा की तो दबत जाऊन धक्का स्वतःवर घेईल, आणि माणसे बसतात तो मधला भाग असा हवा की तो दबणार नाही. दारावर बोट वाजवून यातले काहीही कळत नाही. ते गाडी आदळूनच पाहावे लागते.

तसे पाहिलेही गेले आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळून पाहिल्या. आल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो या त्या गाड्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या बचावाबद्दल शून्य तारे मिळाले. पहिल्या तिघींचा सांगाडाच टिकला नाही, म्हणजे नुसती एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग झाला नसता. पोलोचा सांगाडा मात्र टिकला, आणि दोन एअरबॅग असलेल्या तिच्याच दुसऱ्या गाडीला चार तारे मिळाले. नाव एक, रूप एक, दुकान एक. फरक आतल्या पिशव्यांचा आणि किमतीचा. थैलीत दोन प्रकारची वजने ठेवू नयेत असे मोशेच्या नियमशास्त्रात आहे. ते धान्य मोजणाऱ्यापुरतेच आहे असे समजण्याचे कारण नाही. त्या कंपनीने पुढे एअरबॅग नसलेली पोलो विकणे बंद केले, हेही सांगितले पाहिजे.

त्यानंतर पुष्कळ बदल झाला. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉन ही पाच तारे मिळवणारी भारतात बनलेली पहिली गाडी ठरली. २०१९ सालापासून चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक आणि चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनापुढची त्यानंतर झाली. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपल्या देशाची स्वतःची चाचणी सुरू आहे. तीत मोठ्या माणसांसाठी तारे वेगळे आणि लेकरांसाठी वेगळे दिले जातात. म्हणून आम्ही बंधूंना सांगितले की शोरूममध्ये रंग पाहण्याआधी हे दोन्ही आकडे विचारा, आणि छतात काच पाहिजे की सहा एअरबॅग, असा प्रसंग आला तर छत बंदच राहू द्या.

येथवर सोपे आहे. हे कोणीही सांगेल.

कठीण भाग असा की हे तारे मुख्यतः आत बसलेल्यांचे आहेत. बाहेरच्याचे काय? २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत शंभरांत सुमारे ४४ दुचाकीवरची होती आणि सुमारे १९ पायी चालणारी. मोटारीत बसलेले सुमारे आठवा हिस्सा. आपण "सुरक्षित गाडी" म्हणतो तेव्हा या आठव्या हिश्श्याचाच विचार करीत असतो.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, आठव्या वचनात, घर बांधणाऱ्यास एक आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर. कोणी तेथून पडला तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येऊ नये. आम्ही हे वचन शब्बाथशाळेत अनेकदा शिकवले, परंतु एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. घरच्या माणसाला गच्चीची कड अंधारातही ठाऊक असते. कठड्याची खरी गरज पाहुण्याला, मजुराला, शेजारच्या पोराला. घरमालकाने पैसा खर्च करायचा आणि त्याचा लाभ अधिक परक्याला व्हायचा, अशी ती आज्ञा आहे.

आता गार्डाची गोष्ट. आमच्याकडे एक जुनी उंच गाडी होती आणि तिला पुढे जाड नळ्यांचा लोखंडी गार्ड बसवून घेतलेला होता. तो आम्हीच हौसेने बसवला. रस्त्यावर म्हशी येतात, रानडुकरे येतात, असे कारण आम्ही सांगत असू. २०१५ च्या डिसेंबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत, संध्याकाळी आम्ही सहकुटुंब इंद्रवेल्लीकडून गुडीहत्नूरला येत होतो. वेग ५० च्या आसपास असेल. आम्हांस तो कमीच वाटत होता. एक सायकलवाला कच्च्या रस्त्यावरून वर चढला. ब्रेक लावला, परंतु गाडी थांबेपर्यंत गार्डाची कड त्याच्या मांडीला लागली होती.

त्याला उचलून आम्ही आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेले. मांडीचे हाड मोडले होते. तो गोंडी बोलत होता. त्याचा मुलगा आला तेव्हा त्याच्या मराठीतून आम्हांस कळले की वेचणीचे अजून तीन आठवडे बाकी होते आणि घरात वेचणारा मोठा माणूस हा एकच. पोलिसांत नोंद झाली. विम्याचे पैसे त्यांना पुढे मिळाले, पण वेचणी संपून गेल्यावर. आमच्या गाडीला ओरखडाही नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही मंडळीपुढे उभे राहून साक्ष दिली की देवाने आमच्या कुटुंबाला मोठ्या संकटातून वाचवले. लोक "आमेन" म्हणाले. उपासनेनंतर एक वृद्ध माउली जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाबा, त्या माणसाचं काय सांगितलं नाहीस?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच त्याचे जाणून घ्यायचे होते.

चांगल्या शोमरोनीचा दाखला आम्ही कितीतरी वेळा समजावून सांगितला आहे. प्रत्येक वेळी श्रोत्यांना विचारले, तुम्ही याजक होणार, लेवी होणार, की शोमरोनी? त्या रविवारनंतर तो दाखला उघडला की आम्हांस दिसते की त्या वाटेवर आणखीही कोणी होते. त्या माणसाला ज्यांनी घायाळ केले ते. त्याला दवाखान्यात नेले म्हणून आम्ही स्वतःला शोमरोनी समजत होतो.

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाने अकस्मात कोणाला मारले तर धन्याचा दोष नाही. परंतु बैल मारका आहे हे धन्याला आधी सांगितलेले असून त्याने तो बांधून ठेवला नाही, तर दोष धन्याचा. अशा गार्डाला इंग्रजीत बुल बार, म्हणजे बैलाचा अडसर, म्हणतात हे आम्हांस पुढे कळले. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने असे गार्ड बेकायदा असल्याचे सांगून त्यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. कारण हेच, की धडकेचा सारा जोर ती नळी पायी चालणाऱ्याच्या अंगावर टाकते. शिवाय पुढचा भाग ठरल्याप्रमाणे दबला नाही, तर आतल्यांची एअरबॅगही वेळेवर न उघडण्याचा धोका असतो. म्हणजे धाकही खोटा आणि आसराही खोटा. आता हे सर्वांना सांगून झाले आहे. आजही गार्ड मिरवणाऱ्या गाड्या आमच्याच मंडळीच्या आवारात उभ्या असतात.

तर मग वजनदार गाडी घेणे पाप आहे काय? असे आम्ही म्हणत नाही. दोन गाड्या समोरासमोर आदळल्या तर जड गाडीतला बहुधा अधिक वाचतो, हे खरे आहे, आणि आपल्या लेकरांसाठी बापाने ते पाहणे स्वाभाविक आहे. परंतु शेजाऱ्याने माझ्याहून जड घेतली म्हणून मी त्याहून जड घ्यायची, तर या शर्यतीला अंत नाही, आणि सायकलवाल्याने काय घ्यायचे? आमच्या मते आपल्या जिवासाठी सांगाडा, पट्टा, एअरबॅग ही साधने घ्यावीत, कारण त्यांनी दुसऱ्याचे काही जात नाही. आणि दुसऱ्याच्या जिवासाठी चांगले ब्रेक, चांगले टायर आणि कमी वेग. कायदाही विमा सक्तीचा करतो तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीचा विमा आपल्या मर्जीवर सोडतो. त्या कायद्यात कठड्याची आज्ञा आम्हांस ओळखू येते.

वेगाचा हिशेब आम्ही शब्बाथशाळेच्या मुलांना फळ्यावर करून दाखवतो. शिक्षकांनी तो जरूर करून पाहावा. ताशी ५० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मीटरवरून, तीन मजली घराच्या गच्चीवरून, खाली पडणे. ताशी ८० ने आदळणे म्हणजे सुमारे २५ मीटरवरून. ८० च्या वेगात पाय ब्रेकवर जाण्यास एक सेकंद लागला तर तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. गुडीहत्नूरपासून उटनूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर केसलापूरच्या नागोबा जत्रेच्या वेळी रात्रीही बैलगाड्या असतात, आणि प्रत्येक गाडीला मागे दिवा असतोच असे नाही. आपला महामार्ग क्रमांक ४४, पूर्वीचा सात नंबर, चारपदरी झाला. परंतु गावे तर त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि शेताला जाणाऱ्या बाईला तो ओलांडावाच लागतो.

पट्ट्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण येथे आपण सारे दोषी आहोत. तीन ठिकाणी अडकणारा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन यांनी १९५९ साली तयार केला, आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर सर्वांना वापरू दिले. असा मिळालेला कठडा आपण मागच्या आसनावर बसल्यावर गादीखाली सारून ठेवतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली. गाडी महागडी आणि उत्तम मानली जाणारी होती. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांचा मृत्यू झाला, आणि त्यांनी पट्टे लावलेले नव्हते. पट्टा न लावलेला मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळतो, म्हणून तेथेही प्रश्न एकट्याच्या जिवाचा नाही. पट्ट्याची घंटा वाजू नये म्हणून खोटी क्लिप अडकवण्याची रीत निघाली आहे. मे २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्रेत्यांना तिची विक्री बंद करण्यास सांगितले. आणि मांडीवर लेकरू घेऊन पुढे बसणाऱ्या आयांनो, ताशी ५० च्या धडकेत कोणाचेही हात लेकराला धरू शकत नाहीत. समोरची एअरबॅग उघडली तर ती लेकरावरच उघडेल. २०१९ च्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा लेकरांचे वेगळे आसन आवश्यक केले आहे.

एका गोष्टीची आम्हांस भीती वाटते. हे वाचून ज्याच्याकडे जुनी, एकही तारा नसलेली गाडी आहे, त्याला कोणी बोल लावील. पावसात स्कूटरवर चौघे जाताना पाहून रतन टाटा यांच्या मनात नॅनोची कल्पना आली आणि ती २००९ साली बाजारात आली. चाचणीत तिला शून्य मिळाले हे खरे; परंतु दोन लेकरांना टाकीवर व मध्ये बसवून मोटरसायकलने इच्चोड्याहून उपासनेला येणाऱ्या बापाला चार चाके आणि वर छप्पर मिळणे हीही कृपाच होती. ज्याला जेवढे परवडते तेवढ्याचाच हिशेब त्याच्याकडे मागावा. गार्डाला पैसे आहेत आणि झिजलेल्या टायरला नाहीत, त्याला मात्र विचारावे.

बंधूंनी अखेर मध्यम आकाराची गाडी घेतली. मुलांच्या ताऱ्यांचा आकडा त्यांनी स्वतः विचारला. गार्ड नाही, छताला काच नाही. ताबा घेण्याच्या दिवशी मात्र एक अडचण निघाली, जी आम्हां दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. घरात माणसे सहा आणि पट्टे पाच. विक्रेता म्हणाला, बसतात की सर्व, थोडे सरकून. बंधू काही बोलले नाहीत.

उपासना दहाला असते. ते आता सव्वानऊला निघतात, आई आणि बहिणीला आधी सोडतात आणि पत्नी व मुलांसाठी पुन्हा घरी जातात.