मंडईचा हिशेब

सणसमारंभ आणि तुटपुंजे उत्पन्न यांचा संबंध मराठी समाजात प्रामुख्याने उपदेशाच्या भाषेत मांडला गेला आहे. ऋण काढून सण करणाऱ्याला हसणारी म्हण, गाडगेबाबांची कीर्तने, तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतील विवाहविषयक विवेचन आणि दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रांत छापून येणारे बचतीचे सल्ले यांचे काळ व हेतू वेगवेगळे असले, तरी सण हा एका कुटुंबाचा खर्च असून तो आटोक्यात ठेवणे ही त्याच कुटुंबाच्या संयमाची बाब आहे, हे गृहीतक त्या सर्वांत कमीअधिक प्रमाणात आढळते. हे गृहीतक तपासून पाहायचे तर भंडारा जिल्हा त्यासाठी विशेष सोयीचा आहे; कारण तेथे दिवाळीनंतरचे काही आठवडे हातात फारसा पैसा नसलेली कुटुंबेही पाहुणचार, नाटक, नाच आणि भेटीगाठी यांत रमलेली असतात, आणि हे त्यांना परवडते याचे श्रेय घरोघरच्या काटकसरीपेक्षा गावागावांनी आपसांत लावून घेतलेल्या पाळ्यांना अधिक जाते.

गरिबाच्या सणाकडे संशयाने पाहण्याची सवय जुनी आहे. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो आसपासच्या गावांत पसरला, तेव्हा त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे कुणब्याचे कर्ज लग्नकार्यांतील उधळपट्टीतून वाढते, हे मत होतेच. ते त्या काळच्या अधिकारीवर्गात रूढ होते. आयोगाने मात्र या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. त्या त्या प्रसंगी होणारा खर्च शेतकऱ्याच्या ऐपतीच्या मानाने जास्त असतो हे मान्य करूनही, असे प्रसंग क्वचित येतात आणि बऱ्याच वर्षांची बेरीज केली तर त्याच्या स्थितीतील माणसाने सामाजिक व कौटुंबिक सुखासाठी जेवढे खर्चावे त्याहून ती रक्कम बहुधा अधिक नसते, असा त्याचा निष्कर्ष होता. वसाहतकालीन सरकारी कागदात शेतकऱ्याला सुखाचा हक्क असल्याचे गृहीत धरलेले आढळावे, ही गोष्ट दुर्मिळच म्हणावी लागेल. 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याचा रोखही सावकारी करारांवर होता, लग्नाच्या पंगतीवर नव्हता.

पुढे अर्थशास्त्रानेही हाच विषय वेगळ्या अंगाने हाताळला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी गरिबांच्या आर्थिक जीवनावर 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याची आकडेवारी दिली असून, तेथील अत्यंत गरीब कुटुंबांपैकी मधल्या पातळीवरचे कुटुंब वार्षिक खर्चाच्या सुमारे 10 टक्के रक्कम लग्ने, अंत्यविधी आणि सण यांवर खर्च करते, असे त्यात दिसते. विजयेंद्र राव यांनी कर्नाटकातील कुंभार कुटुंबांच्या अभ्यासातून असे दाखवले, की सणावर खर्च करणाऱ्या कुटुंबाला गावात पत मिळते, इतरांच्या घरची आमंत्रणे येतात आणि बाजारात धान्यही तुलनेने स्वस्त पडते. अर्थात हा खर्च एका अर्थी गुंतवणूक ठरतो. ही मांडणी उपदेशापेक्षा निश्चितच प्रगल्भ आहे. तरीही तिच्यात हिशेबाचे एकक कुटुंबच राहते आणि सणाचा काही भाग मुळात कोणा एकाच्या मालकीचाच नसतो, ही शक्यता तिच्या चौकटीबाहेर राहते.

1999 मध्ये गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात सात तालुके आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 12,00,334 असून पाचांपैकी चार माणसे खेड्यांत राहतात. धान, म्हणजे भात, हे मुख्य पीक आणि पूर्वीच्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, ताब्यातले माजी मालगुजारी तलाव (लोकांच्या तोंडी 'मामा तलाव') हा त्याचा जुना आधार. या पिकाचे वेळापत्रक आणि दिवाळी यांचा मेळ नीट बसत नाही. लवकर येणारे हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येते, भारी धान त्यानंतर, आणि विकलेल्या धानाचे पैसे, ज्यांना येथे चुकारा म्हणतात, बहुधा आणखी पुढे मिळतात. त्यामुळे सणाच्या दिवशी कोठीत नवा दाणा येऊ लागलेला असतो, पण गाठीला रोकड नसते. पूर्वी ही फट वाढीदिढीने, म्हणजे उसन्या धान्याची दीडपट परतफेड करण्याच्या सावकारी रिवाजाने भरली जाई. ज्या प्रदेशात धान्य आहे आणि पैसा नाही, तेथील सण धान्य, श्रम आणि माणसांची ये-जा यांवर उभा राहतो, हे स्वाभाविकच होय.

या व्यवस्थेचा सर्वांत विकसित नमुना म्हणजे मंडई. पुण्यामुंबईच्या वाचकाला या शब्दाने भाजीबाजार आठवेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूर मिळून होणाऱ्या झाडीपट्टीत मात्र मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी एक दिवसाची जत्रा. बलिप्रतिपदेला गायगोधन, म्हणजे गाईगुरांची पूजा, होते, गुरे राखणारा गोवारी समाज आपली ढाल घेऊन नाचत निघतो, आणि भाऊबीजेच्या सुमारास मंडयांना सुरुवात होते. आज या गावी, उद्या शेजारच्या, परवा त्याच्या पलीकडच्या. पंचक्रोशीतील गावांचे दिवस परंपरेने ठरलेले असल्यामुळे त्यांच्या मंडया सहसा एकाच दिवशी येत नाहीत. साऱ्या रचनेची किल्ली या ठरलेल्या दिवसांत आहे. आपल्या गावची मंडई असते त्या दिवशी कुटुंब यजमान असते: लेकी-जावई, सोयरे, मामा-भाचे दुपारी जेवायला येतात आणि खर्च होतो. उरलेल्या दिवसांत तेच कुटुंब पाहुणे म्हणून हिंडते. एका दिवसाच्या यजमानपणाच्या मोबदल्यात अनेक दिवसांचे पाहुणेपण मिळावे, हा सौदा कोणत्याही कौटुंबिक अंदाजपत्रकाला साधणारा नाही, कारण तो एका घराने करायचा सौदाच नव्हे.

खरेदीचे प्रमाणही ध्यानात घेण्याजोगे आहे. मंडईत तलावातले उकडलेले काळे शिंगाडे, उसाची कांडी, मुरमुरे, बत्तासे, फुगे, बांगड्या आणि पान अशा वस्तू मांडलेल्या असतात, ज्यांतली बहुतेक पोराच्या मुठीत मावेल एवढ्या पैशांत येतात आणि शिंगाड्यासारखी काही तर आसपासच्या गावांतूनच आलेली असतात. शिंगाडा पाण्यात उतरून काढणारी धीवर कुटुंबे, ऊस आणणारा शेतकरी आणि बांगड्या भरणारी बाई यांच्यासाठी मंडयांची ही मालिका फिरता बाजारच असते. आजचा विक्रेता उद्या आपल्या गावी यजमान असतो. याखेरीज मंडईत सोयरिकी जुळतात. एरवी मुलगी पाहण्यासाठी जो प्रवास, जे चहापोहे आणि जे अवघडलेपण सोसावे लागते, त्याऐवजी दोन्ही घरची माणसे गर्दीत एकमेकांना सहज पाहून घेतात आणि गोष्ट पुढे न सरकल्यास कोणाचाही अपमान होत नाही.

मनोरंजनाचा खर्च हा या हिशेबातला वेगळा धागा आहे. दिवसा मंडईत दंडार होते. दंडार म्हणजे गावातल्याच पुरुषांनी ढोलकी-टाळांच्या साथीवर नाचत, गात आणि सोंगे आणत सादर केलेला लोकनाट्याचा प्रकार. स्त्रीभूमिकाही परंपरेने पुरुषच करीत आले. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी दंडारीचा विस्तृत अभ्यास केला आहे. काल नांगरामागे असलेला माणूस आज राजा होतो आणि त्याला ओळखणारे प्रेक्षक त्याच्या चुकांवरही हसतात; येथे तिकीट नाही, मानधन असलेच तर नाममात्र. रात्रीचे नाटक मात्र वेगळ्या अर्थकारणाचे असते. वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे प्रमुख केंद्र; तेथील व्यावसायिक कंपन्यांशी गावचे मंडळ ठरावीक रकमेचा करार करते, मंडप उभारते आणि तिकिटांतून वसुली करते. तोटा आला तर मंडळाच्या अंगावर येतो आणि काही उरले तर ते बहुधा गावाच्या एखाद्या कामी लागते. थंडीत गोधडी पांघरून पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्या कुटुंबाला एका तिकिटात जेवढा वेळ एकत्र मिळतो, तेवढा शहरातल्या चित्रपटगृहात कितीतरी अधिक पैसे मोजूनही मिळत नाही. शंकरपटांच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्तानेही अशी नाटके होत. 7 मे 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या आणि 18 मे 2023 च्या निकालात राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरली. प्राण्यांविषयीचा प्रश्न आपल्या जागी महत्त्वाचा आहे, परंतु मधल्या काळात शंकरपटाला जोडून भरणाऱ्या नाटकांचा आणि दुकानांचाही आधार गेला, ही बाब चर्चेत फारशी आली नाही.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून मंडईचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. हा सण स्वस्त होतो, त्यात मोठा वाटा स्त्रियांच्या न मोजलेल्या श्रमाचा असतो. अनारशाचेच उदाहरण घेता येईल. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, निथळून सावलीत कोरडे करायचे, किंचित ओल असतानाच कुटायचे, चाळायचे, गुळात मळून गोळे काही दिवस मुरू द्यायचे आणि मग मंद आचेवर एकेक तळायचा. आच चुकली तर अनारसा तेलात विरघळतो आणि आठवड्याचे काम कढईत जाते. घरच्या तांदळाखेरीज थोडा गूळ आणि तेल एवढाच रोख खर्च असलेला हा पदार्थ 'स्वस्त' ठरतो तो केवळ करणारीचा आठवडा शून्य किमतीचा धरल्यामुळे. आयते (तांदळाच्या पिठाची धिरडी), सुवाऱ्या (पुऱ्या), कोचईच्या (अळूच्या) पानांच्या वड्या, पाहुण्यांची दुपारची पंगत, त्याआधीचे सारवण यांचाही हिशेब असाच लागतो. मंडळाचा हिशेब चारचौघांत मांडला जातो. या श्रमाची नोंद कोणत्याही वहीत नसते. यजमानपणाच्या दिवशी आपल्याच गावची दंडार किती सुना पाहू शकतात, हा प्रश्न मंडईच्या अभ्यासकांनी विचारायला हवा.

जातीचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. गावाने मिळून केलेला सण असे म्हणताना त्या गावात कोण कोठवर मोजला जात होता, हे पाहावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1954 मध्ये भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पराभूत झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात झालेल्या बौद्ध धर्मांतराने या भागातील मोठ्या दलित समाजाचे सणांचे पंचांग बदलले. 14 एप्रिल, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन हे दिवस विहारात, वर्गणीतून आणि एकत्र भोजनाने साजरे होऊ लागले. या बदलाची धार्मिक व राजकीय बाजू पुष्कळ लिहिली गेली आहे, पण त्याची कौटुंबिक अर्थकारणाची बाजूही लक्षणीय आहे. बौद्ध विवाहविधी थोडक्यात आटोपतो आणि त्याला पंचांगातला मुहूर्त लागत नाही.

मुहूर्ताचा मुद्दा वरवर किरकोळ वाटला तरी लग्नखर्चाच्या मुळाशी तोच आहे. मंडईत दिवस वेगवेगळे असल्यामुळे मंडप, वादक, विक्रेते आणि पाहुणे सर्वांना पुरतात. लग्नसराईत मोजक्याच तिथींवर सगळे एकदम तुटून पडतात, त्यामुळे सभागृह, आचारी आणि वाजंत्री यांचे दर चढतात आणि देवस्थानाकडे किंवा समाजाकडे असलेली सामायिक भांडीही एका वेळी एकाच घराला मिळतात. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते आणि मोठे गंज, पराती, घागरी असा सामायिक संच बाळगण्याची रीत या भागाला परकी नव्हती. पंगतीला पळसाच्या पत्रावळी असत. या सामायिक साधनांची जागा ताटामागे दर लावणाऱ्या केटररने घेतली, तेव्हा खर्च वाढला तो वधूपित्याची हौस एकाएकी वाढल्यामुळे नव्हे. पूर्वी उसने मिळणारे सारे आता भाड्याने घ्यावे लागते. (मुहूर्त न मानणाऱ्या घरांची लग्नेही पुष्कळदा उन्हाळ्यातच येतात, कारण सुट्ट्या आणि शेतीची सवड यांचे पंचांग कोणाला सुटलेले नाही.) सामूहिक विवाह हा यावरचा एक उपाय आहे, पण तेथे गर्दीत आपले लग्न हरवल्याची भावना राहते, आणि ही भावना खोटी प्रतिष्ठा म्हणून झटकून टाकता येत नाही.

सरकारनेही या क्षेत्रात पाऊल टाकले. 2022 च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारकांना 100 रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल यांचा संच 'आनंदाचा शिधा' या नावाने दिला आणि पुढे अन्य सणांनाही तो दिला गेला. गरिबाच्या सणाची दखल शासनाने घ्यावी हे स्वागतार्ह आहे, आणि तेल-साखर या रोखीने घ्याव्या लागणाऱ्या वस्तू असल्यामुळे त्यांचा उपयोगही झाला. परंतु सर्व जिल्ह्यांना एकच संच देणाऱ्या या योजनेने झाडीपट्टीतल्या घराची अडचण नेमकी ओळखली, असे म्हणता येत नाही. कारण त्या घरात खायला दाणा असतो, अडते ते भाचीला चोळी, लेकीला लुगडे, एसटीचे भाडे आणि मंडईच्या दिवशी पाहुण्यांसाठी आणायची भाजी यांवाचून. 2025-26 च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये जाहीर झाला होता. हलके धान घेणारी आधारभूत खरेदी केंद्रे वेळेवर उघडली आणि पहिला चुकारा भाऊबीजेच्या आत शेतकऱ्याच्या खात्यात पडला, तर या जिल्ह्यातील दिवाळीला जे बळ मिळेल ते शिध्याच्या कोणत्याही पिशवीने मिळणारे नाही. भूमिहीन मजुराच्या घरी मात्र चुकारा येत नाही, आणि त्याची मजुरी कापणीच्या दिवसांतच रोख चुकती होते की मळणीपर्यंत थांबते, यावर त्याच्या घरची मंडई ठरते.